एकमतानं नका लिहू

लिंबाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या जुन्या मोंढ्यात मेथीच्या जुडीचा भाव करत होतो. फोन लातूरहून, त्याच्या मुलीचा, प्रज्ञाचा होता. "काका, पप्पा गेले. पहाटे, झोपेतच…" एवढंच ती बोलली आणि फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेला. मी भाजीवालीसमोर तसाच उभा. आता जे लिहितोय ते लिहायला लाज वाटते, पण लिंबाजीवर लिहायचं आणि आपल्या सोयीचं तेवढंच लिहायचं, हे त्याला चाललं नसतं. त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते दुःख नव्हतं. मागच्या रविवारी त्यानं मला एका प्रश्नात पकडलं होतं. त्याचं उत्तर मी आठवडाभर घोटून तयार केलं होतं, आणि आता ते ऐकवायचं कुणाला, या विचारानं मला चक्क राग आला. माणूस गेला होता आणि मी माझा मुद्दा वाया गेला म्हणून चिडलो होतो. पिशवी तिथंच ठेवून मी घराकडं निघालो. भाजीवाली मागून हाका मारत होती, हे घरी आल्यावर आठवलं.

आमची मैत्री म्हणजे भांडणच होतं, असं म्हटलं तरी चालेल. कॉलेजपासूनचं, न मिटलेलं, दर रविवारी नव्यानं काढलेलं. नांदेडात एका सायकलच्या दुकानावर वरच्या मजल्याला एक खोली आहे. भुजंगराव गुरुजींनी तिथं अभ्यास मंडळ सुरू केलं तेव्हा आम्ही विशीतली पोरं होतो. आज गुरुजी काठी टेकत जिना चढतात, पण मंडळ चालू आहे. सकाळी जमायचं, कुणीतरी एखादा विषय मांडायचा, मग वाद, मग चहा, आणि शेवटी गरज पडली तर एखादा ठराव. गुरुजी समाजवादी, खादीचे आणि मवाळ आवाजाचे. मालकी समाजाची असावी पण मतपेटी शाबूत राहिली पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. मी कम्युनिस्ट. आधी मालकी मोडा, मतपेटीचं मागून बघू, असं म्हणणारा. आणि लिंबाजीला आम्ही भांडवलवाला म्हणायचो. तो स्वतःला काहीच म्हणवून घ्यायचा नाही. एका सभेत कुणीतरी त्याला 'कॉम्रेड लिंबाजी' म्हणालं तर भर सभेत उठून म्हणाला, "नुसतं लिंबाजी म्हणा. त्ये नाव मायनं ठिवलंय, त्याच्यापुढं काही लावू नका."

त्याला मंडळात मीच आणलं. तो मुखेड तालुक्यातल्या एका गावचा, बौद्ध घरातला, आई-वडील दुसऱ्यांच्या रानात मजुरी करणारे. तो सरकारी वसतिगृहात राहायचा. मी कंधारकडचा, घरी बऱ्यापैकी जमीन, भाड्याच्या खोलीवर गावाहून ज्वारी आणि तूप यायचं. पुस्तकात वाचलेला कष्टकरी माणूस मला वर्गात शेजारच्या बाकावर सापडला, याचा मला केवढा अभिमान वाटला होता! हा तर जन्मानंच आपला, याला फक्त खोलीपर्यंत नेऊन बसवायचं बाकी आहे, असं मी धरून चाललो होतो. पहिल्याच रविवारी गुरुजींनी खाजगी मालमत्तेवर मांडणी केली आणि शेवटी नव्या पोराला विचारलं, तुला काय वाटतं? लिंबाजी वर्गात उठावं तसा उभा राहिला. मग म्हणाला, "आमच्या घरी खाजगी मालमत्ता म्हणजे एक पत्र्याची पेटी हाय. तेवढी राहू द्या." सगळे हसले. मीही हसलो. "पेटीत काही न्हाई," तो म्हणाला, "दोन लुगडी असतील. तरी माय कुलूप लावती. हसू नका. आमच्या घरात कोणीबी इचारल्याबगर शिरायचं, कामाला चल म्हणायचं. दार लावता येत नव्हतं. मायच्या हातानं बंद व्हईल असं तेवढं एकच होतं घरात." त्यावर गुरुजींनी आपली टिपणं मिटली. मी मात्र बोललो. ही मालमत्तेची मानसिकता आहे, ती शोषणातूनच येते, वगैरे. माझं बोलून झाल्यावर त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "तुमच्या घराला दारं किती, मालक?" त्या दिवसापासून मी 'मालक' झालो, तो शेवटपर्यंत. क्रांतीची स्वप्नं बघणारा मी मालक, आणि पुढं त्यानं दुकान काढलं तेव्हा मी त्याला शेठ म्हणायला लागलो. फोन उचलला की पहिलं वाक्य ठरलेलं, "काय मालक, क्रांती कुठवर आली?" एकदा मी गडबडीत सांगितलं की लोह्याच्या पुढची आमची जमीन भावाच्या नावावर आहे, माझ्या हातात काही नाही, तर तो पोट धरून हसला. "हाव, तुमची क्रांती लोह्यापस्तोर नीट येती, सातबारा दिसला की गाडी पंक्चर!"

खोलीत त्यानं दाराजवळची खुर्ची धरली, आणि ती त्याचीच झाली. थंडीत तिथं वारा लागतो, जिन्यातून सायकलच्या तेलाचा वास येतो, तरी तो आत सरकायचा नाही. का रे बाबा, म्हणून विचारलं तर म्हणाला, "हितून उठून जाता येतंय. जाता येतंय म्हून बसता येतंय." त्याच खुर्चीवरून त्यानं आमच्या मंडळाला एक खोड लावली. सुरुवातीच्या दिवसांत कसलासा ठराव होता, विषय आता आठवत नाही. हात वर झाले आणि गुरुजी सवयीनं म्हणाले, एकमताने मंजूर. लिंबाजीनं खुर्चीच्या हातावर कोपर टेकवलं आणि तळहात अर्धा वर उचलला, पाऊस पडतोय का बघावं तसा. "एकमतानं नका लिहू, गुरुजी. बहुमतानं लिहा. माझा हात खाली होता." मी म्हणालो, एका हातानं काय फरक पडतो? तो म्हणाला, "जिथं समदं एकमतानं होऊन राहिलंय तिथं कोणीतरी भिऊन गप बसलेलं असतंय. आमच्या गावात समदं एकमतानंच व्हायचं." तेव्हापासून हात मोजून झाले की गुरुजी आधी दाराकडं बघायचे. लिंबाजीचा तळहात उचलला गेला की बहुमताने, त्यानं मान डोलावली की एकमताने. खोलीला पिवळा रंग द्यायचा एवढ्याशा ठरावालासुद्धा त्यानं आडकाठी केली होती, कारण त्याला निळा हवा होता असं आम्हाला वाटलं. पण त्याला पांढरा हवा होता. "निळा तुमाला वाटला," तो म्हणाला, "मला इचारलं कोणी?" आणि कधीमधी एखाद्या ठरावाला तोही मान डोलवायचा, "आज लिहा एकमतानं," असं म्हणायचा, तेव्हा गुरुजींचा आवाज फुलायचा आणि चहाबरोबर भजी मागवली जायची. आमच्या एकमताला काही अर्थ होता तो त्याच्या त्या मान डोलावण्यामुळं, हे आम्हाला कधी कळलंच नाही.

शिकून झाल्यावर त्याला विष्णुपुरीकडं एका सरकारी कार्यालयात कायमची नोकरी लागली. घरात पहिलीच. गावी पेढे वाटले गेले. आणि काही वर्षांत पठ्ठ्यानं ती सोडली. हैदराबादला राहून चष्म्याचं काम शिकून आला आणि नांदेडात दुकान काढायचं म्हणाला. घरच्यांनी डोकं धरलं, मीही त्याला मूर्खात काढलं. सरकारी नोकरी म्हणजे तुम्हा लोकांनी लढून मिळवलेला हक्क, तो असा सोडतात का, म्हणून मी त्याला लेक्चर दिलं. 'तुम्हा लोकांनी' हा माझाच शब्द. त्यानं तो ऐकून घेतला. "हापिसात सायेब म्हणले हाव, की आपुन बी मान हालवून हाव," तो म्हणाला, "सायेब रस्ता चुकून राहिले हे दिसतंय, तरी हाव. मला ते जमंना." मग गाळा शोधायची वेळ आली. एका ठिकाणी सगळं ठरलं, गाळामालकानं पूर्ण नाव विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी तो गाळा त्याच्या भावानं परस्पर दुसऱ्याला दिलेला निघाला. त्या रविवारी मी खोलीत अगदी तयारीत बसलो होतो. बघ तुझा बाजार, मी म्हणालो, बाजार म्हणे फक्त माल बघतो! लिंबाजी चष्मा पुसत होता. "बाजार बी जात इचारतो," तो म्हणाला. "मी कवा म्हणलो इचारत न्हाई म्हून? पण बाजारात पुढं दुसरं दुकान असतंय, मालक. तुमच्या राज्यात दुकान एकच, आन् गल्ल्यावर तुमच्यासारखाच कोणीतरी बसलेला." मी विचारलं, आणि ज्याच्या खिशात काहीच नाही, त्याला पहिलं दुकान काय आणि दुसरं काय? यावर तो चटकन म्हणाला, "हे मात्र खरं हाय." कसलीही खळखळ न करता. "मी वसतिगृहाची सरकारी भाकर खाऊन शिकलो. ती काही बाजारानं दिली न्हाई. हे बी सांगा लोकाला." वाद घालणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, मी स्वतः आयुष्यभर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. समोरच्याचा खरा मुद्दा इतक्या सहज उचलून त्याच्या हातात परत देणारा दुसरा माणूस मला भेटला नाही. मला तर ते कधीच जमलं नाही.

दुसरा गाळा मिळाला, दुकान चाललं. आमच्या मंडळातल्या प्रत्येकाच्या नाकावर त्याच्याच दुकानातला चष्मा आला. पुढं वहिनी गेल्या आणि त्यानं दुकान दुसऱ्याला चालवायला दिलं. तो लातूरला प्रज्ञाकडं राहायला गेला. ती तिथल्या एका खाजगी क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवते. मी एकदा त्याच्याकडं गेलो तर मला घेऊन तो संध्याकाळी क्लासच्या रस्त्यावर फिरायला निघाला. एकसारखे टी-शर्ट घातलेली, पाठीवर ओझं घेतलेली पोरंपोरी, कुणी कुणाशी बोलत नव्हतं, सगळ्यांची चाल एकच. जाळ्या लावलेली वसतिगृहं, भिंतीवर हसऱ्या चेहऱ्यांचे फ्लेक्स. मी म्हणालो, शेठ, ही बघ तुझी खाजगी स्वातंत्र्याची बाजारपेठ. मला वाटलं, दुसऱ्या दुकानाचं काहीतरी काढेल. तो एका पोराला वाट द्यायला बाजूला सरकला. मग म्हणाला, "हितं दुकानं लई, पण माल एकच. बापानं निवडलं अन् लेकरू चालून राहिलं. हे माझ्या बाजूचं हाय, अन् मला मान्य न्हाई." आणि रस्त्यातच त्यानं तो तळहात अर्धा वर उचलला, स्वतःच्याच विरोधात. मी ती गोष्ट नांदेडला येऊन सगळ्यांना सांगितली, तो हरल्याची गोष्ट म्हणून.

लातूरला गेल्यावरही तो रविवार चुकवायचा नाही. पहाटे एस.टी. धरायची, अहमदपूर, लोहा करत नांदेड गाठायचं, आणि संध्याकाळी परत. मी मनातल्या मनात समजून चाललो होतो की तो माझ्यासाठी येतो, माझ्याशी दोन हात केल्याशिवाय त्याला करमत नाही. शेवटच्या रविवारी विषय जुनाच निघाला, भाकरी आधी की स्वातंत्र्य आधी. मी जोरात होतो. लिंबाजीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते समदं राहू दे. तुमचं राज्य आलं की मला न्हाई म्हणता येईल का? तेवढं सांग." राज्य आल्यावर बघू, मी म्हणालो, आणि सगळे हसले. तो हसला नाही. "राज्य कशाला यायला पाहिजे? ही खोली हाय की. हितं बघ." त्याची गाडीची वेळ झाली होती. मी त्याला जिन्यापर्यंत सोडायलाही गेलो नाही, चहा गार होईल म्हणून. उत्तर मला दोन दिवसांनी सुचलं. ज्याचं पोट रिकामं आहे त्याला नाही म्हणायची ऐपतच नसते, म्हणून आधी सगळ्यांच्या पोटाची सोय, मग ज्याला जे नाकारायचं ते नाकारा… ते मी घासूनपुसून ठेवलं, आणि मेथीचा भाव करता करता फोन आला.

लातूरला मी त्याच दिवशी गेलो. बुद्धवंदना झाली, त्याला निरोप दिला. प्रज्ञानं माझा हात घट्ट धरला होता आणि मी मोठ्या माणसासारखा तिच्या डोक्यावर थोपटत होतो. पुढं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि त्यानंतरच्या रविवारी आम्ही नांदेडला शोकसभा ठेवली. गुरुजी आजारी होते, म्हणून अध्यक्ष मी. खोली पुरणार नाही म्हणून जवळचं एक सभागृह घेतलं. फ्लेक्सचा मजकूर मीच फोनवरून सांगितला. 'कॉम्रेड लिंबाजी यांना लाल सलाम.' सांगताना जीभ जराही अडखळली नाही. आमच्यात इतकी वर्षं बसला उठला, म्हणजे कॉम्रेडच, यापेक्षा मोठा मान आमच्याकडं दुसरा आहे का, असंच मला वाटलं. आज वाटतं, मला तो आपल्यात हवा होता, इतकं साधं आणि इतकं हावरट कारण होतं. जिवंत होता तोवर तो येईना, तर मेल्यावर मी त्याला ओढून घेतलं. त्याची माय पेटीला कुलूप लावायची, आणि इथं मी त्याच्या मनात विचारल्याशिवाय शिरलो होतो.

भाषणं झाली. एकेक जण उठून सांगत होता की लिंबाजी वरून वाद घालायचा, पण आतून आपलाच होता. शेवटी मी उभा राहिलो. मीही तेच म्हणालो. आणि मग… मग मी माझं ते घासूनपुसून ठेवलेलं उत्तर काढलं. शेवटच्या रविवारी त्यानं मला एक प्रश्न विचारला होता, अशी सुरुवात करून रिकाम्या पोटाचा आणि नकाराच्या ऐपतीचा तो सगळा मुद्दा मी त्याच्या हार घातलेल्या फोटोसमोर मांडला. आवाज लागला होता, लोक माना डोलवत होते, आणि खरं सांगतो, बोलताना मला बरं वाटत होतं. शोकसभेत मी वाद जिंकत होतो, उत्तर देऊ न शकणाऱ्या माणसाशी. त्याच भरात मी ठराव वाचला. कॉम्रेड लिंबाजी यांनी शोषणमुक्त समाजासाठी आणि आपल्या विचारासाठी आयुष्य वेचले, असा काहीसा. वाचून झाल्यावर मी सर्वांनी उभं राहावं असं म्हणणार, तेवढ्यात पहिल्या रांगेत हालचाल दिसली. प्रज्ञानं खुर्चीच्या हातावर कोपर टेकवलं होतं आणि तळहात अर्धा वर उचलला होता. हुबेहूब तसाच. ती रडत नव्हती. ती सरळ माझ्याकडं बघत होती.

शेजारच्या बायकांना वाटलं, पोरीला भोवळ येतेय. एकीनं तिचा तो हात धरून खाली घेतला, दुसरीनं पदरानं वारा घातला, कुणी पाण्याची बाटली पुढं केली. त्या बिचाऱ्यांचा काय दोष, त्यांनी तो हात पूर्वी कधी पाहिला नव्हता. मंडळातले बाकीचे मागच्या रांगांत होते; तो हात दिसणारा आणि तो काय म्हणतोय हे पुरेपूर कळणारा माणूस मीच होतो. थांबायला काय लागत होतं? 'बोल बेटा,' एवढं म्हटलं असतं तर पुरे होतं. पण इतक्या लोकांसमोर, अध्यक्षाच्या खुर्चीवरून, स्वतःच्या लाल अक्षरांच्या फ्लेक्सखाली… मी नजर कागदावर वळवली आणि म्हणालो, "ठराव एकमताने मंजूर." मग दोन मिनिटं सगळे उभे राहिले. मान खाली घालून उभं राहण्याची ती पद्धत मला त्या दिवशी फार सोयीची वाटली. निघताना प्रज्ञा फक्त "येते काका" म्हणाली आणि गाडीत बसली. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, त्यातही 'एकमताने' होतंच.

पुढचे काही दिवस मी स्वतःला समजावत होतो, की तिला खरंच भोवळ आली असेल. बायकोला तसं सांगूनही पाहिलं. ती म्हणाली, "मग एवढं घोळून घोळून सांगायलात कशाला?" शेवटी एका सकाळी मी त्याचीच एस.टी. धरली, लोहा, अहमदपूर करत लातूरला उतरलो. त्या खडखडाटात माझी कंबर मोडून निघाली, तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की हा माणूस या वयात दर आठवड्याला हे का करत असेल. प्रज्ञानं चहा केला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग तीच म्हणाली, "काका, तुम्ही त्या दिवशी माझा हात बघितला होता ना?" भोवळीचं उत्तर ओठावर तयार होतं. लोकांनी ते माझ्यासाठी करूनच ठेवलं होतं. पण तिचे डोळे बापाचे आहेत. मी म्हणालो, "बघितला होता."

"मग?"

मी कप बशीच्या बाहेरच टेकवला. तिनं माझा कप उचलून नीट ठेवला आणि म्हणाली, "मी पप्पांना लई वेळा म्हणायची, या वयात कशाला एवढे हाल करून घेता, फोनवर घाला ना वाद. तर म्हणायचे, फोनवर न्हाई म्हणण्यात काय हाय? चार माणसांत, तोंडावर न्हाई म्हणायचं आणि नंतर त्याच माणसांबरोबर बसून चहा प्यायचा, अशी जागा मला दुसरी कुठं हाय? गावात त्यांना नाही म्हणता आलं नाही, ऑफिसात आलं नाही. आमच्या लोकांतसुद्धा निवडणूक आली की सगळे म्हणतील तिकडं जावं लागायचं, नाहीतर फितूर म्हणायचे. तुमच्या त्या एका खोलीत तेवढं त्यांना जमत होतं. त्यासाठी जायचे ते." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "बाकी कुणी थांबलं नसतं तरी मला काही वाटलं नसतं काका. मला वाटलं, तुम्ही थांबाल."

म्हणजे तो माझ्यासाठी येत नव्हता, भांडवलशाहीसाठी तर नव्हताच. त्याला बाजारही पुरता पटलेला नव्हता. आम्ही वादांची नावं घेऊन एकमेकांची उणीदुणी काढत बसलो, आणि तो फक्त एवढंच तपासत होता की यांच्यातल्या कुणाच्या राज्यात मला हात खाली ठेवता येईल. चाळीस वर्षं आमच्या खोलीनं त्याला ते दिलं, आम्हाला न कळता दिलं, आणि ज्या दिवशी कळून द्यायची वेळ आली त्या दिवशी मी ते काढून घेतलं. त्याच्या लेकीच्या हातातून. मी प्रज्ञाला माफ कर म्हणालो. ती म्हणाली, "मला कशाला म्हणता? ठराव माझ्यावर कुठं होता?" रागानं नाही म्हणाली. जेवून जा म्हणाली, पण मला तिच्या घरात बसवेना. दुपारच्या गाडीनं मी परत आलो.

पुरवणीच्या संपादकांनी 'लिंबाजींवर काही आठवणी लिहा' म्हटलं तेव्हा आधी नाहीच म्हणणार होतो. पण तो ठराव पेपरात छापून आला आहे, तर मी काय केलं तेही छापून यावं, असं वाटलं. मागच्या रविवारी मंडळात मी हे सगळं सांगितलं, प्रज्ञाच्या हातापासून माझ्या भाषणापर्यंत. मग मी दुरुस्ती मांडली. शोकठरावातून 'कॉम्रेड' काढावं, 'आपल्या विचारासाठी' काढावं, नुसतं लिंबाजी लिहावं, आणि तो एकमताने नव्हे, बहुमताने मंजूर झाला असं लिहावं. एकजण म्हणाला, शोकठरावाला विरोध नोंदवायची कुठं पद्धत असते का? दुसरा म्हणाला, लोक काय म्हणतील. गुरुजी बरे होऊन आले होते, त्यांनी काठी आपटून दोघांनाही गप्प केलं आणि दुरुस्ती मताला टाकली. एकेक करत हात वर गेले, त्या दोघांचेही. कुणाचाही हात खाली राहिला नाही. गुरुजींनी हात मोजले आणि नेहमीसारखं दाराकडं बघितलं. तिथं ती खुर्ची होती, जिन्यातून सायकलच्या तेलाचा वास येत होता. ते थांबले… बराच वेळ थांबले. मग चष्मा काढून पुसला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "एकमताने."

त्यांना अडवायला खोलीत कुणी नव्हतं.